गुप्तवार्ता विश्लेषणाची ऑनलाइन पदवी : एडिसनची मुलगी आणि सांगलीचा भाचा

प्रश्न न्यू जर्सीतल्या एडिसनहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंची मुलगी तिथेच जन्मलेली, यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या भावाचा मुलगा सांगलीत बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. या आते-मामे भावंडांनी व्हिडिओ कॉलवर परस्पर ठरवून टाकलंय की अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची 'इंटेलिजन्स स्टडीज'ची ऑनलाइन बॅचलर्स पदवी दोघांनी बरोबर करायची. ताईंचं म्हणणं: ही पदवी खरी असते का, हेरगिरी घरबसल्या शिकता येते का, आणि शिकल्यावर नोकरी कोण देतं?

ताई, मी या कामात बावीस वर्षं आहे. आधी एका बँकेत संशयास्पद व्यवहार चाळत होतो, मग पुण्यात एका परदेशी कंपनीच्या सुरक्षा-विश्लेषण कक्षात आलो. सरकारी गुप्तचर खात्यात मी कधीच नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण या विषयावर बोलणाऱ्या बऱ्याच मंडळींना तसं भासवायला फार आवडतं. गेली काही वर्षं अशाच एका ऑनलाइन पदवीच्या विद्यार्थ्यांची टिपणं तपासून देतो, त्यामुळे हा माल आतून कसा असतो ते ठाऊक आहे.

पदवी खरी असते. अमेरिकेत हा विषय स्वतंत्र पदवी म्हणून सुरू झाला तो १९९२ मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या ईरी इथल्या मर्सीहर्स्ट कॉलेजात. एफबीआयमधून निवृत्त झालेल्या रॉबर्ट हाइबेल यांनी तो सुरू केला. त्याआधी विश्लेषक म्हणजे इतिहासाचा, अर्थशास्त्राचा नाहीतर रशियनचा पदवीधर, आणि कामाचं शिक्षण खात्यात गेल्यावर. ऑनलाइनमधलं मोठं नाव अमेरिकन मिलिटरी युनिव्हर्सिटी. १९९१ ची स्थापना, मुख्यालय वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउनला. नावात 'मिलिटरी' बघून ती लष्कराची आहे असा भाच्याचा समज झाला असेल तर तो आजच दूर करा. ती खासगी आहे, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या मालकीची आहे, आणि नफ्यासाठी चालते. तिला हायर लर्निंग कमिशन या विद्यापीठं तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे, म्हणजे कागद बोगस नाही.

पण ही पदवी मुळात कोणाच्या मापाने शिवली आहे, ते बघा. आठ-आठ आठवड्यांचे कोर्स, जवळजवळ दर महिन्याला नवी बॅच, ठरलेल्या वेळी वर्गात बसायची सक्ती नाही. ही सगळी सोय सैनिकांसाठी आहे. बहारीनला नाहीतर ओकिनावाला नेमणूक झालेला, आधीच गुप्तचर विभागात काम करणारा, सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी, खिशात असलेला पंचवीस-तीस वर्षांचा माणूस. त्याला काम येतं, बढतीसाठी पदवी हवी असते. माझ्याकडे एका नौदलातल्या बाईंची टिपणं येत. जहाजावर नेट असेल तेव्हा तीन-तीन आठवड्यांचं एकदम पाठवायच्या, आणि एकेक टिपण असं की मीच दोनदा वाचावं. त्या आधीच घरात होत्या, पदवीने त्यांना वरचा मजला मिळाला. तुमची दोन्ही मुलं अजून फाटकाबाहेर उभी आहेत, आणि फाटक या पदवीने उघडत नाही. जाहिरातीत मात्र 'आमचे विद्यार्थी अमुक संस्थेत काम करतात' असं लिहिलेलं असतं. ते खरंही असतं. ते तिथे आधीपासूनच काम करत होते, एवढंच लिहायचं राहून जातं.

आता घरबसल्या काय शिकता येतं ते.

माहिती गोळा करणं आणि तिचा अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं. पहिल्या ओळखीत प्रत्येक जण बहिर्जी नाईकांचं नाव घेतो, आणि तिथेच गल्लत होते. वेश बदलून शत्रूच्या गोटात शिरणं, माणूस फितवणं, संदेश पकडणं हे गोळा करण्याचं काम. ते कुठलंही विद्यापीठ शिकवत नाही, शिकवणारही नाही. ते खात्यात, खात्याच्या माणसांकडून, बंद दाराआड शिकवलं जातं. पदवीत त्याची तोंडओळख असते: माणसांकडून आलेली माहिती, पकडलेले संदेश, उपग्रहाची चित्रं, आणि सगळ्यांना दिसतील असे खुले स्रोत. त्याशिवाय १९४७ चा नॅशनल सिक्युरिटी अॅक्ट, खात्यांच्या गैरप्रकारांची १९७५ मध्ये चौकशी करणारी चर्च समिती, १९७८ चा परकीय टेहळणीचा कायदा. हे वाचलेलं चांगलंच, पण ते कोणीही वाचू शकतं.

पदवीतला खरा ऐवज म्हणजे अनिश्चित गोष्टीवर निश्चित शब्दांत लिहायची सवय. ऐकायला किरकोळ वाटतं. शेर्मन केंट नावाचे येलचे इतिहासाचे प्राध्यापक सीआयएत गेले होते. १९५१ मध्ये त्यांच्या कार्यालयाने अंदाज दिला की युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याची 'सिरियस पॉसिबिलिटी' आहे. परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे नक्की किती? केंट म्हणाले, माझ्या मनात पासष्ट-पस्तीस होतं. तो अधिकारी चपापला, त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंटनी ज्यांनी मिळून हा शब्द मंजूर केला होता त्या सहकाऱ्यांनाच विचारलं. उत्तरं वीस-ऐंशीपासून ऐंशी-वीसपर्यंत आली! एकाच वाक्याखाली सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यातला अर्थ निराळा. आज अमेरिकेच्या गुप्तचर नियमावलीत शब्दांना आकडे बांधून दिलेत. 'लाइकली' म्हणजे ५५ ते ८० टक्के, 'व्हेरी लाइकली' ८० ते ९५, 'ऑलमोस्ट सर्टन' ९५ ते ९९. शंभर टक्के नाहीच.

आपल्या मराठीत तर आनंदच आहे. 'दाट शक्यता' म्हणजे किती, ते मी एकदा ऑफिसातल्या नव्या मुलांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. एकाने ६० लिहिलं, एकीने ९०. आणि वृत्तपत्रांचं लाडकं 'शक्यता नाकारता येत नाही' याला ५ पासून ५० पर्यंत सगळं आलं. हे वाक्य माझ्या टीममध्ये लिहायला बंदी आहे. उद्या सांगलीत बर्फ पडण्याचीही शक्यता नाकारता येत नाही.

दुसरा ऐवज म्हणजे स्वतःच्या लाडक्या तर्काला स्वतःच टाचणी लावायची पद्धत. सीआयएत विश्लेषक असलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी ती नीट मांडली. त्यांचं १९९९ चं 'सायकॉलॉजी ऑफ इंटेलिजन्स अॅनालिसिस' हे पुस्तक खुद्द सीआयएनेच फुकट उपलब्ध केलंय, मुलांना आजच उतरवून घेऊ दे. पद्धत अशी: सगळे तर्क आडवे मांडायचे, पुरावे उभे मांडायचे, आणि कुठला पुरावा कुठल्या तर्काला मोडतो ते बघायचं. पुष्टी किती मिळाली ते मोजायचंच नाही, कारण पुष्टी सगळ्यांनाच मिळते.

ही पद्धत मी शिकवतो, आणि तरीही कांद्याने माझी फजिती केली. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी एका ग्राहकाला विचारायचं होतं, केंद्र सरकार कांद्याची निर्यात बंद करेल का? पार्श्वभूमी अशी की ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतं, त्यावर नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले होते. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, ३१ डिसेंबरपर्यंत. माझं टिपण एका पानाचं. पहिलंच वाक्य: '३१ डिसेंबरपूर्वी संपूर्ण बंदी येण्याची शक्यता कमी, २० टक्क्यांच्या आसपास.' खाली तीन कारणं. किमान मूल्याची मुदत अजून शिल्लक आहे. बफर साठ्यासाठी सरकारने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर केली आहे, म्हणजे दुसरा उपाय चालू आहे. आणि राज्यांच्या निवडणुकांचे निकाल ३ डिसेंबरला लागले की भावाचा राजकीय दबाव ओसरेल.

८ डिसेंबरपासून बंदी लागू झाली, ३१ मार्च २०२४ पर्यंत.

नंतर मी तो तक्ता परत मांडला. 'किरकोळ भाव चढे आहेत' हा पुरावा सगळ्याच तर्कांत बसत होता, म्हणजे तो निरुपयोगी, आणि मी त्यावर अर्धं पान खर्च केलं होतं. मुदतीची तारीख छापलेली होती म्हणून मी तिला वचन समजलो. कपाटातला जुना कागद काढला असता तर दिसलं असतं: २०१९ मध्ये १३ सप्टेंबरला ८५० डॉलरचं किमान मूल्य लावलं आणि सोळाच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, निर्यातबंदी आली. २०२० च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी. मे २०२२ मध्ये गहू बंद, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद. भावाच्या भीतीने निर्यात बंद करणं हा या सरकारी यंत्रणेचा अपवाद नव्हता, सवय होती. आणि दबाव ओसरेल म्हणताना पुढच्या उन्हाळ्यातली लोकसभा मी मोजलीच नव्हती. ग्राहकाने काही बोलून दाखवलं नाही, फक्त पुढचं काम दुसऱ्याला दिलं.

वीस टक्के म्हटलेली गोष्ट पाचातून एकदा घडायचीच, असा बचाव करता येतो. मी तो बायकोजवळ करूनही पाहिला. पण तक्ता नीट मांडला असता तर वीस लिहिलं नसतं, हे मला ठाऊक आहे. पदवीने शिकवायचं असतं ते एवढंच, आणि चांगल्या ऑनलाइन कोर्समध्ये ते शिकवलंही जातं: दर आठवड्याला टिपण, त्यावर लाल शेरे, पुन्हा टिपण. न शिकवली जाणारी बाजू म्हणजे उभं राहून बोलणं. साहेब समोर बसलाय, तुमच्याकडे चार मिनिटं आहेत, आणि तो दुसऱ्याच वाक्याला 'कशावरून?' म्हणून अडवतो. चर्चेच्या पानावर आठवड्याला दोन प्रतिक्रिया लिहून हे अंगात येत नाही. हल्ली तर त्या प्रतिक्रिया बऱ्याचदा यंत्राने लिहिलेल्या असतात. 'हा अत्यंत विचारप्रवर्तक मुद्दा आहे' असं जिथे दिसतं तिथे मी पुढचं वाचत नाही.

आता मुलीबद्दल.

ती अमेरिकेची नागरिक आहे, म्हणजे सर्वांत मोठी अट जन्मानेच पुरी झाली. तिकडे अठरा संस्था मिळून गुप्तचर समुदाय बनतो, आणि तिथे क्लिअरन्स म्हणजे सर्व काही. त्यासाठी एसएफ-८६ नावाचा फॉर्म भरावा लागतो. गेल्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, गेल्या सात वर्षांतला परदेश प्रवास, परदेशातले नातेवाईक, परदेशी माणसांशी असलेले घनिष्ठ संबंध. म्हणजे सांगलीची आजी, मामा, आणि हा भाचासुद्धा त्यात येणार. त्याने घाबरू नका, नातेवाईक असणं हा दोष नाही. लपवणं हा दोष आहे. ओसीआय कार्ड असेल तर तेही विचारलं की सांगायचं. आजच एक वही घाला: कोणत्या वर्षी कुठे राहिलो, भारतात कधी गेलो, किती दिवस होतो. बाविसाव्या वर्षी हे आठवत बसणारी मुलं मी पाहिली आहेत. आणि एक गोष्ट आई म्हणून तुम्हीच तिच्याशी बोला: न्यू जर्सीत गांजा कायदेशीर झाला असला तरी केंद्राच्या कायद्याने तो नाही, आणि फॉर्म केंद्राचा आहे.

तिला मी ही ऑनलाइन पदवी मुख्य पदवी म्हणून करू देणार नाही. कारण साधं आहे. विश्लेषकाला 'विश्लेषण येतं' एवढ्याने भागत नाही, कशाचं विश्लेषण येतं हा प्रश्न पहिला असतो. संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक, भूगोल, एखादा प्रदेश आणि त्याची भाषा, यातलं काहीतरी एक पक्कं हवं. तिच्या दाराशी रटगर्स विद्यापीठ आहे, तिथे क्रिटिकल इंटेलिजन्स स्टडीजचा मायनर आहे, आणि राज्यातल्या रहिवाशाला फी कमी पडते. मुख्य विषय संख्याशास्त्र, जोडीला तो मायनर, आणि हिंदी-उर्दू. मराठी घरात वाढली असेल तर देवनागरी वाचता येत असेल. नसेल तर आजीच्या एका सुट्टीचं काम आहे. त्यावर उर्दूची लिपी चढवली की तिच्या वर्गात तिच्यासारखं दुसरं कोणी नसेल. परदेशी भाषेसाठी बोरेन शिष्यवृत्ती आहे, तिच्या बदल्यात निदान एक वर्ष केंद्र सरकारची नोकरी करावी लागते, म्हणजे शिक्षा म्हणून तेच करायचंय जे तिला हवंय. विद्यार्थ्यांच्या इंटर्नशिपचे अर्ज क्लिअरन्सच्या वेळेमुळे वर्षभर आधी घेतले जातात. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात जायचं तर दुसऱ्या वर्षात अर्ज. बहुतेक मुलं इथेच चुकतात, हुशारीत नाही.

ऑनलाइन पदवी तिला कधी उपयोगी पडेल? सैन्यात किंवा नॅशनल गार्डमध्ये गेली, काम लागलं आणि शिक्षण अर्धवट राहिलं, तर. तेव्हा ती त्या मापात बसेल.

भाच्याचं गणित वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला त्याच्याचबद्दल जास्त बोलायचंय.

अमेरिकेच्या त्या अठरा संस्थांचं दार त्याला बंद आहे, पदवी कुठलीही असो. भारतात 'इंटेलिजन्स'ची पदवी मागणारी जागा मला माहीत नाही. इंटेलिजन्स ब्युरोची एसीआयओची (असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर) परीक्षा असते, त्याला कुठल्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते, वय १८ ते २७. वस्तुनिष्ठ पेपर, लेखी पेपर, मुलाखत. रॉला १९६८ मध्ये रामेश्वरनाथ काव यांनी उभं केलं. तिथे माणसं मुख्यतः इतर सेवांमधून येतात. तिथे जाण्यासाठी म्हणून वेगळी खुली परीक्षा नाही, आणि 'रॉ भरती' म्हणून फी मागणारा जो कोणी असेल तो चोर आहे. आपल्या राज्याचा राज्य गुप्तवार्ता विभाग आहे, २६/११ नंतर पुण्यात त्यासाठी प्रशिक्षण प्रबोधिनीही झाली. या सगळ्यांत पहिला प्रश्न एकच: पदवी मान्यताप्राप्त आहे का? परदेशी विद्यापीठाच्या पूर्ण ऑनलाइन पदवीला इथे समकक्षता मिळवणं फार जिकिरीचं असतं. डॉलरमध्ये चार वर्षं फी भरायची आणि शेवटी अर्जातल्या पहिल्याच रकान्यात अडकायचं! फी भरण्याआधी समकक्षतेबद्दल लेखी उत्तर मिळवा, फोनवरचं नको. अशी पदवी साधारण १२० क्रेडिटची असते. संकेतस्थळावरचा एका क्रेडिटचा दर गुणिले १२०, आणि त्यावर रुपयाची घसरण. हा हिशोब त्यालाच करायला सांगा, बी.कॉम.चा आहे.

बी.कॉम. आहे, हेच तर त्याचं भांडवल. मनी लाँडरिंगच्या कायद्यामुळे प्रत्येक बँकेला संशयास्पद व्यवहारांचे अहवाल दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला पाठवावे लागतात, आणि ते अहवाल कोणीतरी बसून लिहितं. माझी सुरुवात तिथलीच. पहिल्या वर्षी माझ्यासमोर एक खातं आलं. बारा दिवस रोज रोख भरणा: ४९,०००, ४९,५००, ४८,८००. तेव्हा पन्नास हजारांवर रोख भरायला पॅन लागायचा, म्हणजे हा माणूस मुद्दाम रेषेखाली राहतोय. मी तासाभरात अहवाल लिहून मोकळा. वरिष्ठांनी कागद न उचलता विचारलं, "महिना कुठला? शाखा कुठली?" जानेवारी. वाईजवळची शाखा. मांढरदेवच्या यात्रेतला नारळवाला होता तो, पॅन काढायचा कंटाळा केलेला. रकमांचा आकार मी बघितला होता, पंचांग बघितलं नव्हतं. असं पंचांग सांगलीच्या मुलाला आपोआप माहीत असतं, आणि परदेशी पदवीत ते मिळत नाही.

पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये आता मोठ्या कंपन्यांचे सुरक्षा-निरीक्षण कक्ष आहेत. रात्रपाळी असते, इंग्रजी लिहिणं चोख लागतं. सायबर धोक्यांचं विश्लेषण करणाऱ्या टीम आहेत. तिथे मुलाखतीत पदवीवर दोन मिनिटं जातात आणि 'तुम्ही लिहिलेलं काही दाखवा' यावर अर्धा तास. त्याने इथलीच मान्यताप्राप्त पदवी पुरी करावी. ओढ टिकली तर पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभागात एम.ए. आहे, गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. विषय तोच, आणि कागदाला इथे किंमत.

एक इशारा. या नादात मुलं 'खुल्या स्रोतांतून शोध' म्हणता म्हणता दुसऱ्याच्या खात्यात डोकावायला लागतात. ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये लोकांच्या फोनच्या नोंदी विकणाऱ्यांचं प्रकरण बाहेर काढलं, त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. पासवर्ड लागतो तिथे थांबायचं, आणि शेजारच्या माणसाची माहिती जमवायची नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा.

बाकी सराव त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. सांगलीकर पावसाळ्यात जे करतो त्याला या धंद्यात पूर्वसूचना-विश्लेषण म्हणतात. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, वर पाटणला पाऊस किती, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग किती, आणि आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेचं पाणी आपल्या दारात किती तासांत येतं याचा प्रत्येक गल्लीचा आपापला हिशोब असतो. आणि लाडका तर्कही असतोच: 'सगळं अलमट्टीमुळे.' २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने तो मान्य केला नाही, तरी तो गावातून हलत नाही. तर्क चूक की बरोबर ते बाजूला राहू द्या. कुठला पुरावा दिसला तर आपण तो सोडू, हे गावात कोणी आधी लिहून ठेवलंय का?

भाच्याने ते लिहावं. जूनपासून रोज सकाळी एक ओळ: 'येत्या ४८ तासांत आयर्विनची पातळी ४० फूट ओलांडेल, ३० टक्के.' तारीख, वेळ, कारण एका वाक्यात. दोन दिवसांनी निकाल. ३० टक्के म्हटलं आणि ओलांडली नाही, तर ०.३ चा वर्ग, दंड ०.०९. ओलांडली, तर ०.७ चा वर्ग, दंड ०.४९. रोजचा दंड मांडून महिन्याची सरासरी काढायची. दर वेळी ५० टक्के म्हणून अंग चोरणाऱ्याला कायम ०.२५ चा दंड बसतो, म्हणजे त्याहून खाली आला तर काहीतरी कळू लागलंय. मुलीने तिकडे बसून तोच अंदाज फक्त खुल्या आकड्यांवरून करावा, त्याने नदीकाठी जाऊन. एकमेकांचे आकडे आधी बघायचे नाहीत.

सप्टेंबर संपला की दोघांच्या वह्यांचे फोटो मला पाठवा. खाडाखोड केलेल्या ओळी पुसायच्या नाहीत, मला त्याच आधी बघायच्या आहेत.